कानातला करपा

सावदा,
ता. १० ऑक्टोबर २०२४

चि. सौ. चारुलता हीस नानाकाकाचे अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. फोनवर बोललो असतो तर साक्रीत तुझ्या सासूबाईंना बसल्या जागी ऐकू गेलं असतं, म्हणून लिहितोय.

आमच्या कामिनीच्या हळदीसाठी तू स्वतः दागिने घडवलेस, याचं केवढं कौतुक होतं! म्हणून तर तिच्या होणाऱ्या सासूबाई आल्या तेव्हा सगळ्यांसमोर डबा उघडला. आत काय, तर केळीच्या पानाचे झुमके. आणि पानावर पिवळे पट्टे, मधे तपकिरी डाग, कडेला जळकी कोर. अगं, तो करपा आहे! केळीला लागतो तो रोग! तुझ्या काकूने झुमके चिमट्यात धरून उंबऱ्याबाहेर ठेवले आणि हात साबणाने घासून घासून धुतले. मला जेवण गेलं नाही. नायटा उठलेल्या कातडीचा कुणी हार करून घालावा, तसं झालं.

विहीणबाई तोंडावर काही बोलल्या नाहीत. पण माझे कान तुला माहीत आहेत. पायऱ्या उतरताना जावेला हळूच म्हणाल्या, की ज्यांना करपा शोभेचा वाटतो, त्यांच्या बागेचं काय विचारायचं! हे मला? लोकांच्या बागेतले घड डोक्यावर वाहून मी माझी बाग उभी केली. तिच्यात करपा शोधून दाखवा म्हणावं.

कामिनी हे घालणार नाही. परत पाठवतोय. मातीत हात घालण्याआधी आपल्या घराण्यातल्या मुलीने निदान पान तरी ओळखावं.

जेवण न गेलेला तुझा,
नाना

साक्री,
ता. १५ ऑक्टोबर २०२४

ती. नाना व सौ. काकू यांना चारूचा शिरसाष्टांग नमस्कार.

डबा मिळाला. पिशवीत पिशवी, तिला गाठ, वर पुन्हा पिशवी. मेलेला उंदीरसुद्धा कुणी असा बांधत नसेल. आधी रडले, मग हसू आलं.

पण ती माती नाही, नाना. पॉलिमर क्ले म्हणतात. प्लास्टिकचाच मऊ गोळा. रंगीत गोळे लाटून एकावर एक ठेवायचे, वळकटी करायची, चकत्या कापायच्या आणि ओव्हनमध्ये भाजायच्या. कौतुक इथेही नाहीच. सासूबाई नाकाला पदर लावून म्हणतात, बठ्ठं घर वास मारी ऱ्हायनं. परवा माझी मोहाची फुलं खरी समजून त्यांनी तोंडात टाकली आणि थूथू करत अंगणभर फिरल्या.

मी मनाने काही रंगवत नाही. समोर खरं पान ठेवते आणि तसंच्या तसं करते. बाबा नोकरीवाले, मी केळी पाहिली ती गाडीवरची. मला काय ठाऊक तो रोग आहे? मला ती पैठणीची किनार वाटली.

ते पान कुठलं, हे लिहावं की नाही कळेना. लिहितेच. पोळ्याला तुम्ही मला बाग दाखवायला नेलंत. फाटकाशी तुम्ही फोनवर बोलत राहिलात आणि मी पाण्याच्या टाकीपलीकडे, पार मागच्या ओळीत गेले. तिथल्या पानाचा तुकडा फाडून पर्समध्ये घातला. तिथे तशी पुष्कळ होती.

कामिनीने झुमके घातले नाहीत तरी चालेल. पण माझ्या हातचं काही तुमच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. नातेवाइकांत “रोग पाठवणारी” हे नाव मला चिकटू देऊ नका.

काकूंचा चिमटा सोडून सर्वांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
चारू

सावदा,
ता. २१ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. चारुलता हीस आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझाच राग आला. तसाच उठून टाकीपलीकडे गेलो. ओळीच्या ओळी करपलेल्या. पानं वाळून खोडाला लोंबत होती, थेट तुझ्या झुमक्यांसारखी, फक्त चमक नव्हती. बाग राखणाऱ्या तोतारामला झापलं, तर म्हणाला, नाना, आपल्या बागेत करपा नाही असं तुम्हीच गावभर सांगता, मग मी कसं म्हणू? पाहुण्यांना दाखवायची फाटकाजवळची बाग, तेवढीच मी पाहत होतो. थू माझ्या बढाईवर!

रोगट पानं कापून बांधाबाहेर जाळली. फवारणी चालू आहे. धुराचा वास अजून हातांना आहे आणि जेवण अजून जात नाही.

विहीणबाईंना मीच फोन केला. म्हटलं, करपा आमच्याच बागेतला. पोरीने फक्त हुबेहूब घडवला. त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, की आमच्याही मागच्या ओळीत पानांवर काहीतरी दिसतंय, तो झुमका ताडून पाहायला मिळेल का? तेव्हा तो डबा परत पाठव. पिशव्या नकोत.

सोबत केळीचा पोगा पाठवतोय. पोगा म्हणजे गुंडाळीतून नुकतं सुटू लागलेलं कोवळं पान. मागच्याच ओळीतला आहे. मी उन्हात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलाय. कामिनी म्हणते, हळदीला याचेच झुमके घालीन. तुझी काकू म्हणते, या वेळी चिमटा लागणार नाही.

सासूबाईंना नमस्कार सांग, आणि फुलं त्यांच्या हाताशी ठेवू नकोस.

तुझा,
नाना