चाळीस सेकंदांची चाल

१९ जानेवारी १९८२

बाबा दिवसा घरी! काल संप सुरू झाला. वीस वर्षं गिरणीत मागावर उभा राहिलेला माणूस आज खाटेवर बसून माझा रियाज बघत होता. ऑर्केस्ट्रात वाजवते ते त्यांना फारसं पसंत नाही. पण अकॉर्डियन हे मशीन आहे, एवढं त्यांना पटलं.

"सुभद्रे, वारो खंयसून येता गो?"

भाता उघडून दाखवला. मग प्रत्येक बटण दाबून बघितलं त्यांनी. एक अडकत होतं, ते सुईने मोकळं केलं. मला दोन वर्षं जमलं नव्हतं!

१६ मे

दादरला कार्यक्रम. मी तिसऱ्या रांगेत. गायिका कडवं विसरली, तेवढ्यात मी चार सूर भरले. टाळ्या तिथेच पडल्या. का? लोकांना चूक कळली की सावरणं?

आई आज गावी गेली, कुडाळला. संप मिटेपर्यंत तिकडेच राहणार. आता घरात बाबा आणि मी.

१२ सप्टेंबर

यंदा गणपतीत लालबागात कोणीच ऑर्केस्ट्रा बोलावला नाही. कोण बोलावणार?

गिरगावात हरेश्वरकाकांचा कॅसेटचा स्टुडिओ आहे. तिथे वाजवायला मिळतं का विचारायला गेले. काका म्हणाले, "वाजवणारे ढीग आहेत. तू काचेमागे बस. ऐक, आणि काय खटकतंय ते सांग."

म्हणजे आता न वाजवण्याचं काम!

१४ सप्टेंबर

आज गुणवंतीबाई आल्या. माझगावला मासे विकतात. कोळीगीतं म्हणायची होती. आवाज असा की मीटरचा काटा एकदम लाल पट्ट्यात! हळू गा म्हटलं तर सूरच गेला. "हळू बोलून म्हावरं खपतंय काय?" त्यांचं बरोबर होतं. मग त्यांना दारात, आमच्याकडे पाठ करून उभं केलं. गल्लीला ऐकवतोय असं गा म्हटलं. काय गायल्या! काका बांगड्या काढायला सांगत होते. मी राहू दिल्या. तालातच वाजत होत्या.

३ मार्च १९८३

टीव्ही! रेगे म्हणून एकजण आले होते. बाहुल्यांचा कार्यक्रम करतात. त्यासाठी सुरुवातीची धून हवी होती. केली. बाहुली मान वळवते तिथे मी काहीच वाजवलं नाही, आणि ती विचार करतेय असं वाटायला लागलं. लाकडाची बाहुली!

११ जुलै

रेग्यांचं नवं काम. जाहिरात. "चाळीस सेकंद. सकाळ वाटली पाहिजे. माणसं कामाला निघालीत, एवढंच."

"चित्र दाखवा ना."

"चित्र अजून व्हायचंय."

कामाला निघालेल्या माणसाची लय कुठली? बाबांनाच विचारलं. ते उठले आणि गॅलरीत चालायला लागले, खांदे ताठ, जणू पहिली पाळी. दीड वर्षात असे चालले नव्हते. मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला एकशे आठ पावलं. त्यावरच चाल बांधली.

७ ऑगस्ट

रविवार. शेजारच्या ललिताकाकींकडे सगळी चाळ टीव्हीसमोर. सिनेमाच्या आधी माझी धून सुरू झाली. ओरडणार होते, ही माझी!

पडद्यावर बाबांच्या गिरणीचं फाटक. डबे घेतलेले हसरे कामगार आत शिरतायत. "गिरणी सुरू झाली आहे. कामावर या."

 काकींचा मुलगा शिवा उठला, टीव्ही बंद केला.

घरी आल्यावर म्हटलं, "बाबा, मला माहीत नव्हतं."

"माका ठावक आसा." मग चपला काढता काढता, "पण आयकला की पाय आपसूक उठतत गो."

हेच तर! बाकीच्यांचेही उठतील.

८ ऑगस्ट

रेग्यांना म्हटलं, काढा ती चाल. "चाल तुम्ही दिलीत. चित्र माझं." शांतपणे म्हणाले.

खरंच, सुरांना काय ठाऊक ते कुठल्या चित्राखाली लागणार? पण मला विचारता आलं असतं. एरवी सगळं विचारते! चित्र नाही म्हटल्यावर मी गप्प का बसले? काम जाईल म्हणून?

९ ऑगस्ट

चाल माझी आहे, हे ललिताकाकींना सांगून टाकलं. त्या तांदूळ निवडत होत्या, हात थांबले. "आमचे हे परवापासून कामावर जाऊ का, जाऊ का करतायत. आता तुला शिव्या देऊ की काय करू?"

शिव्या चालल्या असत्या. त्यांनी पुन्हा तांदूळ निवडायला घेतले.

१६ ऑगस्ट

बाबा आज मला न सांगता पहिल्या पाळीला गेले. साडेआठला परत आले, डबा तसाच भरलेला. फाटकावर परत घेतलेल्यांची यादी लावलीय. तिच्यात त्यांचं नाव नाही.