मुदतीच्या तापात बोक्याची सोबत

मु. वडगाव, बेळगाव
ता. १ फेब्रुवारी १९३७

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी धाकटा मेहुणा मष्णू याचा दंडवत. इकडे सर्व बरे आहेत, आणि त्या सर्वांत आता मीही मोडतो. आपला ताप उतरला, तरी आपण अंथरूण सोडत नाही, ‘बरा आहे’ यापलीकडे कुणाशी बोलत नाही, असं आक्कानं निपाणीहून कळवलं. म्हणून माझीच हकीकत लिहितो.

मार्गशीर्षात मला मुदतीचा ताप आला. आमचा कुत्रा बोक्या (मांजरासारखा दिवसभर झोपतो म्हणून हे नाव) तोवर उंबऱ्याच्या आत आला नव्हता, कारण नागुबाईच्या (म्हणजे आमच्या कुटुंबाच्या) हातातली फुंकणी. तिसऱ्या दिवशी तो थेट माझ्या खाटेखाली शिरला. डॉक्टर म्हणाले, बाहेर काढा. चौघांनी ओढला, तर त्यानं खाटेचा पाय दातात धरला. खाट माझ्यासकट हातभर सरकली, बोक्या काही सुटला नाही.

भेटायला येणाऱ्यांनी मात्र जीव नको केला. शेजारच्या रुक्माबाई उशाशी बसून म्हणाल्या, "अस्साच ताप माझ्या दिराला आलता बघ रं. बाराव्या दिशी गेला." (माझा अकरावा होता.) बोक्यानं त्यांचा पदर धरून त्यांना दारापर्यंत पोचवलं. आजारपणात मी पहिल्यांदा हसलो.

पण दुसऱ्या दिवशी, खरं सांगतो दाजी, मी आशा सोडली. नागुबाई रडेल म्हणून तिला काही बोलता येईना. हात खाली सोडला, तर बोक्यानं त्यावर हनुवटी टेकली. मग सगळं त्यालाच सांगितलं. मरायची भीती वाटते, पोरगी लहान आहे, मागावरचं लुगडं अर्धंच राहिलंय. त्यानं ‘असं बोलू नये’ म्हटलं नाही, की धीर दिला नाही. नुसता ऐकत राहिला. मला झोप लागली, आणि उठलो तो पेज मागतच.

पुढं ताप उतरल्यावर त्याच्या पाठीवर हात ठेवून मी मागापर्यंत चालत गेलो. गेल्या आठवड्यात लुगडं पुरं झालं.

आपला आज्ञाधारक,
मष्णू

ता. क. हे पत्र आणणाऱ्या शामूच्या हातात दोरी आहे, आणि दोरीला बोक्या. महिनाभर ठेवून घ्यावा. आक्काला ‘बरा आहे’ म्हणता ते म्हणत राहा. खरं काय ते याला सांगा. मराठी, कानडी दोन्ही समजतं, बाहेर मात्र काही बोलत नाही.

आणखी ता. क. दोरी देताना मी रडलो असं शामू सांगेल, ते खरं मानू नये. महिना मात्र फेब्रुवारीचा आहे, म्हणजे दिवस अठ्ठावीसच, तेवढेच धरावेत.