मिरेया कोणाच्या हातून खाते

४ ऑगस्ट, सोमवार

आजपासून घरात लगदा, पेज, गाळलेलं सूप बंद. आमच्या मिरेयाला नऊ महिने झाले. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई म्हणाल्या, आता तिच्या हातात मऊ मऊ तुकडे द्या, सगळ्यांबरोबर टेबलाशी बसवा. बायकोचं, यादिराचं म्हणणं, हळूहळू करू, थोडं हे थोडं ते. तिला सांगून टाकलं, हे काम माझ्यावर सोड. याला शांत माणूस लागतो. मी बॉक्सिंगचा रेफरी. बारांकिया शहरातली निम्मी पोरं मी एकमेकांपासून ओढून बाजूला केली आहेत. माझा पारा चढत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

संध्याकाळ. लाल भोपळ्याच्या वाफवलेल्या फोडी. पहिली फोड तिने माझ्या डोळ्यात मारली. दुसरी भिंतीवर. अजिबात चिडलो नाही. तिचं लक्ष वेधावं म्हणून टेबलावर फक्त हात आपटला. टेबल मुळात डुगडुगतं, त्यामुळे प्लेटा खाली गेल्या. मिरेया रडली. मग यादिराही. उद्यापासून भोपळा बाद. चूक त्याचीच.

६ ऑगस्ट, बुधवार

सासूबाई आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी सल्ला सुरू. म्हणाल्या, एदी, तू पोरीकडे असा बघतोस, जशी काही ती वजन चोरून रिंगमध्ये उतरलीय. मी हसलो. मग त्यांनी युकाचा कंद शिजवला आणि सरळ मिक्सरमध्ये टाकला. माझ्या घरात, बंदी असताना. मी त्यांना खालच्या आवाजात समजावलं. (यादिरा म्हणते, खालचा आवाज कोपऱ्यावरच्या बेकरीत ऐकू गेला.) त्या ऐकेनात. म्हणून मी भांडणाचं मूळच काढून टाकलं. मिक्सर खिडकीतून अंगणात. निर्णय पूर्णपणे वैद्यकीय.

अंगणात शेजारच्या रामिरोची कोंबडी उभी होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

रामिरो दांडकं घेऊन आला. त्याने माझ्या खांद्यावर एक ठेवून दिलं. मी त्याच्या ओठावर. स्वसंरक्षण. सासूबाई आम्हा दोघांच्या मधून वाट काढत गेल्या, कोंबडी उचलली आणि पायरीवर बसून पिसं काढायला लागल्या. म्हणाल्या, तुमचं उरकलं की आत या, सूप होतंय.

रामिरो सुजलेला ओठ घेऊन आमच्या टेबलाशी जेवला. मिरेयाने त्याच्या हातातला सूपमधला युकाचा तुकडा ओढून घेतला आणि सगळा खाल्ला. म्हणजे माझी पद्धत लागू पडली. यादिराला तसं म्हणालो. ती म्हणाली, कोंबडीला सांग.

१० ऑगस्ट, रविवार

लिहिताना उजवा हात दुखतो. तरी जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण इथे सगळे उलटसुलट सांगतायत.

दुपारचं जेवण. सासूबाई, यादिरा, मेहुणा विल्फ्रिदो. विल्फ्रिदो बाजारात मासे कापतो. येताना घेऊन आला होता, नारळाच्या भाताबरोबर तळले. मिरेया उंच खुर्चीत, सगळ्यांच्या मधे, अगदी नर्सबाई म्हणाल्या तशी. ती भात चिवडत होती. मला वाटलं, किती दिवस भात चिवडायचा. कच्च्या केळ्याचा चपटा तळलेला काप मी मोडून तिला दिला. यादिरा म्हणाली, नको, कडक आहे. मी म्हणालो, दात कशाला आलेत.

तुकडा अडकला.

आधी मला कळलंच नाही, कारण ती रडत नव्हती. आवाजच नव्हता. तोंड उघडं, ओठ काळपट होत चाललेले. यादिरा ओरडली. मी उभा राहिलो. मी काहीतरी करणारच होतो. तेवढ्यात विल्फ्रिदोने तिला खुर्चीतून ओढून काढलं, हातावर पालथी टाकली, डोकं खाली, आणि पाठीत थपडा मारायला लागला. जोरात. त्याचा हात म्हणजे सुरमईची मान एका घावात तोडणारा हात. मला दिसलं ते एवढंच, की एक माणूस माझ्या पोरीला मारतोय.

मी त्याच्या नाकावर ठोसा मारला.

नाक मोडल्याचा आवाज मला रोज ऐकायची सवय आहे. हा तोच होता. पण त्याने पोरगी सोडली नाही. आणखी एक थप्पड दिली आणि तुकडा जमिनीवर पडला. मग ती रडली. एवढं सुंदर रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. तिच्या पांढऱ्या झबल्यावर त्याच्या नाकातलं रक्त गळत होतं.

त्याने मिरेयाला यादिराकडे दिलं. सावकाश. मग वळून मला एक लावला. मी पडलो वगैरे नाही. खाली बसलो. खुर्ची त्याच वेळी मोडली.

११ ऑगस्ट, सोमवार

यादिरा बोलत नाही. सकाळी फक्त एकच वाक्य: तिचा श्वास अडकला होता तेव्हा तुला तुझ्या हाताचा एवढाच उपयोग सुचला. मी म्हणालो, रेफरीने मधे पडायचंच असतं. ती उठून गेली.

संकल्प: विल्फ्रिदोची माफी मागायची. मोठ्या मनाने.

दुपार. बाजारात गेलो. नाकावर पट्टी बांधून तो मासे कापत होता. मी माफी मागितली, स्पष्ट शब्दांत. तो म्हणाला, ठीक आहे एदी, तू घाबरला होतास. सगळ्या कोळणींसमोर. मी म्हणालो, मी घाबरत नाही. तो म्हणाला, बरं, नव्हतास. आणि हसला. त्या हसण्याची गरज नव्हती. त्याच्या फळीवरची माशांची मुंडकी मी दोन्ही हातांनी लोटून दिली आणि त्याची कॉलर धरली. त्याने सुरी खाली ठेवली, हे खरं आहे, लिहायला हवं. मग आम्ही दोघं खवल्यांत लोळलो. एका म्हाताऱ्या कोळणीने बर्फाच्या पाण्याची अख्खी बादली माझ्यावर ओतली. फक्त माझ्यावर. पक्षपात.

एकंदरीत माफी मागून झाली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

शांतता. पिकलेलं केळं, बोटाएवढे तुकडे. घरात फक्त मी आणि ती. आवाज नाही, घाई नाही. तुकडा घेऊन हात तिच्याकडे नेला. तिने डोळे घट्ट मिटले आणि खांदे कानापर्यंत वर घेतले. पुन्हा नेला. पुन्हा तसंच. उजेडाचा त्रास असावा. पडदा ओढला. तरी तेच.

डोळे तपासायला आरोग्य केंद्रात नेली. यादिराही आली, न बोलता. नर्सबाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली, म्हणाल्या, नजर छान आहे. मग माझ्याच डब्यातला केळ्याचा तुकडा त्यांनी पुढे केला. मिरेयाने घेतला, चोखला, गिळला, अजून मागितलं. नर्सबाईंनी विचारलं, घरी जेवताना काय होतं? मी म्हणालो, काही नाही, आम्ही शांत माणसं. त्यांनी यादिराकडे पाहिलं. यादिराने जमिनीकडे.

नर्सबाई माझा हात बघत होत्या. सांधे अजून सुजलेत. मी तो खिशात घातला.

१७ ऑगस्ट, रविवार

आज सगळे पुन्हा जेवायला. विल्फ्रिदोसुद्धा. मी स्वतःहूनच ठरवलं, आपण बाहेर ओट्यावर बसू. आत उकडतं, बाहेर वारा.

आतून सगळं ऐकू येतं. विल्फ्रिदो माशाचे काटे काढतोय. सासूबाई म्हणतायत, बघा कशी चावते, म्हाताऱ्या बाईसारखी. मिरेया हसते. चमचा आपटते. भात, मासा, पिकलं केळं, सगळं. आपल्या हाताने. मी ठरवलं होतं तस्संच.

एकदा खिडकीतून डोकावलो. फक्त प्रगती बघायला. तिने मला पाहिलं. चावणं थांबलं. तोंडात घास तसाच, खांदे वर. मी खिडकीपासून बाजूला झालो. जरा वेळाने चमचा पुन्हा वाजायला लागला.

यादिराने माझं ताट बाहेर आणून दिलं. शेजारी बसली, आठवड्यात पहिल्यांदा. म्हणाली, पुढच्या रविवारी आत बस. दाराजवळ. हात मांडीवर ठेवायचे, तिला दिसतील असे. भरवायचं नाही. तिला वाटेल तेव्हा ती येईल. मी म्हणालो, विचार करतो, इथे वारा बरा लागतो. ती माझ्याकडे बघत राहिली.

मग मी हो म्हणालो. वारा असा काही नव्हताच.