विहीर क्रमांक दोन

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
शुक्रवार, दि. २८ एप्रिल १९७८

चि. सौ. दाक्षायणी हिस चन्नवीरअण्णाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. उन्हाने जीव नकोसा केला आहे आणि प्रयोगशाळेतला पंखा नुसता आवाज करतो. तू पाठवलेल्या कडक भाकरी पोचल्या. निम्म्या आमच्या शिपायाने, ईरप्पाने, वाटेतच संपवल्या. विचारलं तर म्हणतो, "साहेब, फुटलेल्या तेवढ्याच खाल्ल्या की." हे पत्र त्याच्याच हातून येत आहे. टपालाने आलं असतं तर गावात आधी मास्तरांनी वाचलं असतं. हे तू एकटीने वाच. तुला वाचायला मीच शिकवलं, म्हणून अक्षरं मोठी काढतो आहे.

परवा रविवारी समारंभ. समाजाच्या उपयोगी पडणारं संशोधन करणाऱ्या तरुण शास्त्रज्ञाचं पारितोषिक मला मिळतं आहे. तू येणार, पहिल्या रांगेत बसणार, आणि आपल्या विहिरीचं पाणी लोट्यातून आणून साहेबलोकांना दाखवणार, असा तुझा निरोप मिळाला. "अण्णानं औषध घातलेलं पाणी हाय म्हणावं." ईरप्पाने तुझ्याच आवाजात सांगितलं. तो हसला. मला हसता आलं नाही.

वर्तमानपत्रातला माझा फोटो तू देवघरात लावला आहेस म्हणे. तो काढ. का, ते पुढे लिहितो.

नारूचं संशोधन म्हणजे काय ते तुला माहीत आहे. पायऱ्यांच्या विहिरीत नारूवाला माणूस उतरतो, पाण्यातल्या बारीक किड्यांत ती लागण जाते, ते पाणी कुणी प्यालं की वर्षभराने त्याच्या पायातून हातभर दोरा बाहेर येतो. औषध घातलं की किडे मरतात. पण औषधाचा गुण सिद्ध करायचा तर दोन गावं लागतात. एकात औषध घालायचं, दुसऱ्यात नाही. दोन्ही गावांनी सारखंच वागावं म्हणून दुसऱ्या गावातही बाटली ओतायची, साध्या पाण्याची.

कुठल्या गावात काय, ते चिठ्ठी टाकून ठरवलं. चिठ्ठी मीच उचलली.

तुमची विहीर क्रमांक दोन, साध्या पाण्याची.

चिठ्ठी परत टाकावीशी वाटली. बहिणीचं गाव म्हणून फेरफार केला नाही, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. आता त्या अभिमानाची शिसारी येते.

मी पहिल्यांदा बाटली ओतली तेव्हा तू काशीला कडेवर घेऊन पायरीवर उभी होतीस. सहा वर्षांची घोडी कडेवर कशाला, म्हणून मी तुला चिडवलंही. आईच्या सवयीने तू तोवर पाणी पदराने गाळून भरत होतीस. तू विचारलंस, "अण्णा, औषध घातलंस की. आता गाळायचं काय काम?"

मी बाटलीला बूच लावत बसलो. दाक्षा, मी खोटं बोललो नाही, असं तीन वर्षं स्वतःला सांगतो आहे. नुसता बूच लावत बसलो.

पुढच्या उन्हाळ्यात काशीच्या गुडघ्याखाली फोड आला. शेजारच्या निंगव्वाने नेहमीप्रमाणे बाभळीच्या काडीवर नारू गुंडाळायला घेतला, रोज बोटभर. चौथ्या दिवशी पोरीचं रडणं ऐकवेना म्हणून तू स्वतः ओढलास आणि तो तुटला. मग धनुर्वात. तिला माती देऊन आल्यावर तू माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून म्हणालीस, "माझ्याच हातनं तुटला रे अण्णा." आणि औषध असून नारू कसा झाला, असं दाजींनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, औषधाच्या आधी प्यालेलं पाणी असेल.

ते मात्र खोटं होतं.

तुझ्या हातून काही झालं नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण प्रयोग तीन वर्षांचा होता. बाटली मी पुढेही ओतत राहिलो. दर महिन्याला, त्याच पायरीवरून. तुला तेवढं दुहेरी विणीचं फडकं आणून दिलं, धूळ असते, गाळून पी म्हणून. फक्त तुझ्या घराला. बाकीचं गाव तसंच पीत राहिलं. माझ्या तक्त्यात विहीर क्रमांक दोनसमोर एक्केचाळीस रुग्ण आहेत, औषधाच्या गावासमोर अगदी थोडे. त्या आकड्यावर सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. काशी त्यात सतरावी.

निंगव्वाने काडीवरचा तुकडा मला दिला होता. तो मी स्पिरिटच्या बरणीत ठेवला, वर चिठ्ठी लावली: विहीर २, रुग्ण १७. फोटोवाला आला तेव्हा म्हणाला, काहीतरी हातात धरा. समोर तीच बरणी होती.

म्हणून म्हणतो, फोटो काढ.

हल्ली मी पेला उजेडात धरल्याशिवाय पाणी पीत नाही. स्वच्छ असतं, तरी पायरीवर कुणीतरी उभं आहे असं वाटतं, आणि माझा हात आपोआप बूच शोधू लागतो.

निवड समितीला सगळं लिहून कळवलं आहे; पारितोषिक देवोत वा न देवोत, रविवारी मी तिथे असेन. सोमवारी मी गावात येतो आणि चावडीवर उभं राहून सांगतो. गाव जे करील ते करील. पण आधी तुला कळावं, म्हणून हे पत्र.

ईरप्पाजवळ बाटली आहे. आज तिच्यात खरं औषध आहे. तो ते ओतण्याआधी तू एक लोटा भरून ठेव. रविवारी आलीस तर तोच आण. साहेबलोकांना दाखवू नकोस, माझ्या हातात दे. मी तो सगळ्यांसमोर पिईन. कुणाला काही कळणार नाही, तुला कळेल.

फडकं तुझ्याकडे आहे. गाळून दिलास तरी पिईन. तसाच दिलास तरी पिईन.

तुझी खुर्ची राखून ठेवली आहे.

काशीचा मामा,
चन्नवीर