हिरव्या पाण्याची वाटणी

मी, मुरलीधर शशिधर आपटीकर, वय अठ्ठावन्न, व्यवसायाने कॉड माशाची पिल्ले वाढवणारा, शिक्षणाने संस्कृतचा एम.ए. (दोन्हींचा संबंध कोणी विचारू नये), राहणार ओबान, स्कॉटलंड, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. पुढच्या महिन्यात हृदयाची शस्त्रक्रिया आहे. बुद्धी शाबूत आहे. पत्नी अरुणा हिचे याबाबत मत वेगळे असले तरी ती साक्षीदार नाही.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक अरुणाला. स्वयंपाकघराच्या खिडकीवर मात्र कलम चारचा बोजा आहे.

२. ग्रेडर, म्हणजे सळ्यांची ती पेटी, जिच्या फटींतून लहान पिल्ले पोहून बाहेर पडतात आणि मोठी आत राहतात, लेस्टरचे चुलतभाऊ कमलाकर यांना. प्रत्येक लग्नात ते माझी ओळख "आमचे मासेवाले पंडित" अशी करून देत आले. पेटी दिवाणखान्यात ठेवावी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगावी. मी आयुष्यात मासा खाल्लेला नाही, हेही सांगावे. पिल्लांना ते कळवण्याची सोय नव्हती.

३. आता एक कबुली. आमच्या शेडमध्ये रात्र नसे. पिल्लांना अन्न दिसावे म्हणून दिवे सतत चालू, आणि टाक्यांत शेवाळाचे हिरवे पाणी. त्या हिरव्या उजेडात चार मिलिमीटरची पिल्ले तरंगत. अंग पारदर्शक, दिसायचे ते फक्त डोळे. हजारो डोळे, आणि त्यांच्यामागे कोणीच नाही. तिथे उभे राहिले की आपणही पाण्याचेच आहोत असे वाटू लागे. सव्वीस वर्षे मी त्या वाटण्यात काढली.

कन्या स्वराली हिचा पदवीदान समारंभ, एडिनबरा, जुलै २०२२. त्याच आठवड्यात पिल्ले जिवंत खाद्यावरून कोरड्या दाण्यावर येत होती. त्या दिवसांत मोठी पिल्ले लहानांना गिळतात, म्हणून रोज ग्रेडर लावून ती वेगळी करावी लागतात. मी गेलो नाही. "बाबा, फिश माझ्यापेक्षा छोटी आहे, म्हणून?" एवढेच ती फोनवर म्हणाली, आणि पुढे तीन वर्षे माझ्याशी फक्त हवामानावर बोलली.

समारंभाच्या दिवशीच सात नंबरच्या टाकीतली पिल्ले गेली. पंप बिघडला, असे मी सर्वांना सांगितले. पंप निर्दोष होता. मी टाकीशेजारी बसून मोबाइलवर समारंभ पाहत होतो आणि ग्रेडर कोरडाच राहिला. ज्यासाठी गेलो नाही, तेही केले नाही.

४. शेवाळाचा मूळ फ्लास्क. शेड गेल्या वर्षी बंद झाली, तेव्हापासून तो आमच्या खिडकीत आहे. विरजणासारखे त्यातले थोडे दर आठवड्याला नव्या पाण्यात घालून मी ते जगवले. तो स्वरालीला. लहानपणी ती त्याला "बाबांचा ज्यूस" म्हणे. नको असल्यास बळजबरी नाही. ब्लीच घालून ओतून द्यावा आणि कोणी वाईट वाटून घेऊ नये. (मी घेईन, पण तेव्हा माझी कोणाला अडचण नसेल.) हवा असल्यास दिवसातून दोनदा हलवावा. हलकेच, झोपलेल्याला उठवल्यासारखा.

५. वरील मजकूर सवयीप्रमाणे मोठ्याने वाचून तपासत असताना ओट्यावर अरुणाचा फोन स्पीकरवर चालू होता, हे मला ठाऊक नव्हते. अरुणाला होते.

"बाबा, तुम्ही पूर्ण पाहिला?" स्वरालीचा आवाज.

"दोन तास."

"माझा नाव आला तेव्हा?"

"उभा राहिलो. टाळ्या वाजवल्या. पिल्ले दचकली."

खिडकीतल्या उन्हाने फ्लास्कची हिरवी सावली या कागदावर पाडली होती.

"फ्लास्क मी घेणार. पण विलमधून नको. सॅटरडेला येते मी. कसा हलवायचा, तुम्ही दाखवायचं."

खाडाखोड केली तर मृत्युपत्र संशयास्पद ठरते, असे सॉलिसिटर मिहीर सांगतात. म्हणून कलम चार तसेच राहू द्यावे. शनिवारनंतर ती वस्तू माझ्या मालकीची नसेल, इतकेच.

स्थळ: स्वयंपाकघर, ओबान
दिनांक: बुधवार, १४ मे २०२५

(सही) मुरलीधर शशिधर आपटीकर

साक्षीदार: पूर्वी दामले (शेजारीण) व इओन मॅकफेल (शेडमधले सहकारी).
सही आम्हां दोघांसमक्ष झाली. सहीआधी यांनी फ्लास्क हलवला, तेही आमच्यासमक्ष.