फुकटच्या खाटा

ती. दादास,
मी मजेत आहे, काळजी नको.

आज बैठकीत इथल्या परदेशी मदतसंस्थेच्या साहेबांनी आपल्याकडच्या दवाखान्यांना फुकट खाटा जाहीर केल्या. मग तुझ्या कारखान्यातल्या खाटा कोण घेणार? आपले अधिकारी नुसते माना डोलवत होते. दुभाष्याने स्वतःचं बोलायचं नसतं, पण वैतागून मी त्यांच्या तोंडी माझं वाक्य घातलं, “खाटा आम्हीच बनवतो, त्या विकत घ्या.”

साहेब म्हणाले, “आधी का नाही सांगितलंत?”

हे मी मराठीत सांगताच आपल्या अधिकाऱ्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग साहेबांकडे वळून म्हणाले, “तुम्ही विचारलंत कुठे?”

तेवढं मात्र मी शब्दशः सांगितलं.

मी चुकले का रे? नोकरी टिकेल असं वाटतं. वहिनीचा खोकला कसा आहे? साहेबांना खाटेचे फोटो हवेत, लगेच पाठव.

तुझी आगाऊ धाकटी