हिलालची झोप

इज्बत अल-बुर्ज, ५ एप्रिल १९९३

अबू हिलाल यांना सनियाचा मनापासून सलाम. वि. वि.

इकडे सगळे ठीक, असं लिहायची रीत म्हणून लिहिते. मी ठीक नाही. मला हिलालच्या झोपेची भीती वाटायला लागलीय. तुमचं चार वर्षांचं पोर, पण घोरतो असा की शेजारची उम्म फरीद विचारते, काय ग, दादला बोटीवरनं परत आला वाटतं. घोरण्याचं काही नाही हो. पण घोरता घोरता श्वासच थांबतो. छाती आत ओढली जाते, फासळ्या दिसतात, आणि मग एकदम आचका देऊन श्वास घेतो. अंग घामाने भिजलेलं असतं. दिवसा पेंगतो, तोंड सदा उघडं, पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलाय.

तुमच्या आईंना घेऊन दुमयातच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं झोप कशी लागते. आई म्हणाल्या, अल्हम्दुलिल्लाह. जेवतो का? अल्हम्दुलिल्लाह. घोरतो का विचारल्यावर तर मान ताठ करून म्हणाल्या की बापासारखा, नजर न लागो. मी तोंड उघडलं तर मांडीला चिमटा. बाहेर आल्यावर ऐकवलं की अल्लाने दिलेल्या लेकराची परक्यापुढे कागाळी करणारी आई तू पहिलीच. डॉक्टर तरी काय करणार, खोकल्याची बाटली दिली त्यांनी.

तब्येतीला जपा, ओल्या कपड्यात बसू नका.
तुमची, सनिया

कवाला बंदर, ग्रीस, २२ एप्रिल

प्रिय सनियास, मेतवल्लीचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून बोटीवर सगळे हसले. माझ्याबरोबर जाळी ओढणारा शाबान म्हणतो, सनियाभाभीच्या माहेरी माणसं कोंबडीसारखी झोपतात, तिला पुरुषाची झोप काय ठाऊक. मी म्हणतो, आमच्या घरात घोरण्याने मासे पळतात, हे लग्नाआधी चौकशी करून विचारायचं होतंस. डॉक्टरांना काही दिसलं नाही ना? मग तू उगाच जीव खाऊ नकोस. आईशी वाद घालू नकोस. पोराला माझा पापा दे.

आहे ती माया तशीच असू दे.
मेतवल्ली

इज्बत अल-बुर्ज, ९ मे

अबू हिलाल यांना सलाम. वि. वि.

तुम्ही हसलात, मी रडले. मग एक काम केलं, रागावू नका. तुम्हाला आम्ही आवाज भरून पाठवतो ना, ती टेप दुपारी हिलाल झोपल्यावर त्याच्या उशाशी ठेवून त्याचं घोरणं भरून घेतलं. आईंना बाजाराला जाते सांगितलं आणि हिलालला नि टेप घेऊन एकटीच डॉक्टरांकडे गेले. ते ऐकता ऐकता उभेच राहिले. मग त्याच्या घशात नीट बघितलं, नाकाचा फोटो काढायला लावला. म्हणाले, नाकाच्या मागे मांस वाढलंय आणि टॉन्सिल अक्रोडाएवढे झालेत. जागेपणी कसंबसं निभतं, झोपला की घसा सैल पडतो आणि हवेची वाट बंद. दोन्ही काढायला हवं, भूल देऊन. मला म्हणाले बाई, हे आधीच का नाही सांगितलं.

आईंनी दारात ठाण मांडलंय. म्हणतात, मेतवल्लीने हो म्हटल्याशिवाय माझ्या नातवाच्या गळ्याला सुरी लागणार नाही. भुलीची भीती मला पण वाटते हो. तो उठलाच नाही तर? पण काही न करता बसले तरी तीच भीती आहे. ती टेप सोबत पाठवते. काही म्हणायच्या आधी ऐका.

तुमची, सनिया

कवाला, २७ मे

सनिया,

टेप जेवताना लावली. शाबान नेहमीप्रमाणे नकला करायला लागला. मग आवाज बंद झाला. मला वाटलं टेप संपली, म्हणून बघितलं तर चाकं फिरत होती. कोणी घास चावेना. शाबान हळूच म्हणाला, घे रे बाळा, घे. आचका ऐकू आला तेव्हा कळलं की मी पण श्वास रोखून धरला होता.

ऑपरेशन कर. आईला वेगळं पत्र लिहिलंय. त्यात लिहिलंय की हिलालच्या बाबतीत सनिया म्हणेल तेच माझं म्हणणं. मी हसलो ते मनात ठेवू नकोस. मालक सुट्टी देत नाही, नाहीतर पोहत आलो असतो.

तुझाच, मेतवल्ली

इज्बत अल-बुर्ज, २० जून

अबू हिलाल यांना हिलालच्या आईचा सलाम. वि. वि.

झालं. तार मिळाली असेलच. त्याला आत नेलं तेव्हा माझी चप्पल कुठे राहिली कळलं नाही, आईंनी स्वतःची काढून दिली आणि म्हणाल्या, बस खाली, चक्कर येऊन पडलीस तर तुला कोण उचलणार. नर्सने येऊन सांगितलं की झालं, पोरगा रडतोय. तो रडतोय ऐकून मी हसले, लोक बघत होते. चार दिवस घसा दुखला, आइस्क्रीमशिवाय काही गिळेना. आईंनी इतकं चारलं की डॉक्टरांनी त्यांनाच दम दिला.

आता त्याच्या झोपेचा आवाजच येत नाही. पहिल्या रात्री मी नाकाशी बोट धरून बसले. हळूहळू सवय होतेय. काल तर मीच उशिरापर्यंत झोपले. जाग आली तर अंथरुणात पोर नाही, तशीच धावले. बघते तर उंबऱ्यावर बसून भाकरी-चीज खातोय, तोंड मिटून. इतकी वर्षं ते तोंड उघडंच असायचं, म्हणून दिसलं नव्हतं. मिटल्यावर त्याची जिवणी अगदी तुमची आहे हो. आईंना हाक मारून दाखवली, तर त्या ओढणीने डोळे पुसत आत गेल्या. आज सकाळपासून आम्ही दोघी त्याला काहीतरी खायला देतोय आणि बघत बसतोय.

सवड काढून या आणि तुम्ही पण बघा. तोवर लोभ कमी होऊ देऊ नका.

तुमची, सनिया